बदकाच्या रक्ताचा रिपोर्ट सारखा ‘हाय’ येतोय? औषध आणायच्या आधी हे बघा

आधी लक्षणं सांगते. बदकाची नाही, रिपोर्टची.

– बदक चरतंय, पोहतंय, भांडतंय, पण रिपोर्टवर निम्म्या ओळी जाड अक्षरात आणि पुढे वर-खाली बाण.
– कॅल्शियम २० नाहीतर २५, आणि लॅबवाल्याचा फोन की मॅडम हे चुकलंय का, परत लावू का.
– साखर २२०. घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं बदकाला डायबेटिस झाला.
– पिल्लाचं एएलपी (रक्तातलं एक एन्झाइम) भरमसाठ वर, प्रोटीन खाली, कॅल्शियम पण जरा खालीच.
– ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) इतकं की मशीन आकडाच देत नाही, आणि प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग) दुधाळ पिवळा.
– पोटॅशियम असं की माणसाचं असतं तर तो उभाच राहिला नसता.
– एकाच खुराड्यातल्या, एकच खाणं खाणाऱ्या दोन बदकांचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत. किंवा त्याच बदकाचा तीन महिन्यांनी काढलेला रिपोर्ट वेगळंच काहीतरी सांगतो.

यातलं एक जरी तुमच्याकडे झालं असेल तर पुढचं वाचा. मी नाशिकला लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माणसांचीच लॅब, पण आसपासचे जनावरांचे डॉक्टर सँपल आमच्याकडे पाठवतात. आणि माहेरी निफाडकडे शेततळ्यावर धाकट्या भावाची बदकं आहेत, बहुतेक खाकी कॅम्पबेल, थोडी पांढरी पेकिन आणि एक म्हातारा मस्कोव्ही जो सगळ्यांना चावतो. त्यामुळे हा घोळ मी दोन्ही बाजूंनी निस्तरलाय, मशीनच्या बाजूने पण आणि खुराड्याच्या बाजूने पण, आणि इतक्या वेळा निस्तरलाय की आता भावाचा फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, "नर का मादी?"

पहिल्यांदा काय झालं ते सांगते कारण त्यातूनच ही सगळी यादी निघाली. भावाची एक मादी जरा लंगडत होती म्हणून रक्त काढलं. कॅल्शियम आलं २३. माणसात ८.५ ते १०.५ असतं, त्यामुळे छापील कागदावर ते लाल झालं. भावाला कोणीतरी सांगितलं की कॅल्शियम जास्त झालंय, खाण्यातलं बंद कर. त्याने शिंपल्याचा चुरा बंद केला, फक्त त्या मादीचा नाही तर सगळ्यांचाच, कारण भांडं एकच. पंधरा-वीस दिवसांत अंडी कातडी यायला लागली, हातात घेतली की दबणारी, आणि एका मादीचं अंडं आत अडकलं. ती गेली. लंगडणारी मात्र मस्त बरी झाली, तिच्या पायात बाभळीचा काटा होता. म्हणजे रिपोर्टमध्ये चूक नव्हती, मशीनमध्ये नव्हती, बदकात तर नव्हतीच. अंड्यावर आलेल्या मादीचा आकडा आपण माणसाच्या पट्टीने मोजला एवढंच झालं होतं.

आता तपासण्या. फुकट आणि सोप्या वर, खर्चाच्या खाली. क्रम मोडू नका, बहुतेक वेळा पहिल्या तीनातच काम होतं.

१. कागदावर उजवीकडचा रकाना वाचा (फुकट)

‘नॉर्मल रेंज’ असं जिथे लिहिलंय ते कोणाचं आहे? माणसांच्या लॅबमधून रिपोर्ट आला असेल तर सॉफ्टवेअर माणसाचीच रेंज छापतं, त्याला काय माहीत समोर बदक आहे, नावाच्या जागी ‘राजा’ आणि वय १ वर्ष लिहिलं की ते लहान मुलाची रेंज लावतं. मी स्वतः असे रिपोर्ट सही होऊन बाहेर जाताना पाहिलेत. बाण म्हणजे आजार नव्हे, बाण म्हणजे छापलेल्या रेंजच्या बाहेर, बस.

साखरेचं प्रकरण इथेच मिटतं. पक्ष्यांची रक्तातली साखर मुळातच आपल्यापेक्षा बरीच जास्त असते, बदकात २०० च्या आसपास काहीही विशेष नाही. उलट १०० आली तर घाबरायचं.

आणि कोंबडीची रेंज मिळाली म्हणून ती बदकाला लावू नका. जवळची आहे, पण तीच नाही. काही नसण्यापेक्षा बरी एवढंच.

२. नर का मादी, आणि मादी असेल तर अंड्यावर आहे का (फुकट)

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

मादी अंड्यावर यायला लागली की तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन वाढतं. ते यकृताला हुकूम सोडतं की बलकाचा माल तयार कर. यकृत मग चरबी आणि बलकाचं प्रोटीन बनवून रक्तात सोडतं आणि रक्त ते अंडाशयाकडे वाहून नेतं. म्हणजे तिचं रक्त त्या दिवसांत अक्षरशः बलकाची मालगाडी असते. ट्रायग्लिसराइड वर, कोलेस्टेरॉल वर, टोटल प्रोटीन वर, प्लाझ्मा दुधाळ. आणि बलकाचं ते प्रोटीन कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे टोटल कॅल्शियम १० च्या आसपास असतं ते २०, २५, कधी ३० पर्यंत जातं. फॉस्फरस पण त्याच्याबरोबर वर जातो, कारण त्या प्रोटीनमध्ये फॉस्फरस असतो.

पण जे कॅल्शियम मोकळं फिरतं, ज्यावर स्नायू आणि हृदय चालतं, ज्याला लॅबमध्ये आयोनाइज्ड म्हणतात, ते फारसं हलत नाही. म्हणून मादी मजेत असते. कॅल्शियमबद्दल खरंच शंका असेल तर डॉक्टरांना आयोनाइज्ड कॅल्शियम विचारा, टोटलवर भांडू नका.

बदकाच्या एका अंड्याच्या कवचात अडीच ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. दीड-दोन किलोची मादी हे रोज रोज देते. त्यासाठी ती हाडांच्या आतल्या पोकळीत एक वेगळं मऊ हाड साठवते आणि रात्री कवच बनताना त्यातून उचल घेते. नरात हा प्रकार नाही, त्यामुळे नराचं कॅल्शियम २० आलं तर ती गोष्ट वेगळी आहे, तिथे मी पण घाबरते, आणि पहिली शंका सँपलची, दुसरी खाण्याची.

मग नर-मादी ओळखायचं कसं? अनुभवी माणसाला हसू येईल, पण चिठ्ठीवर चुकीचं लिहिलेलं मी अनेकदा पाहिलंय. खाकी, पेकिन, रनर या जातीत मोठ्या नराच्या शेपटीवर वरच्या बाजूला काही पिसं कुरळी वळलेली असतात. पिसं झडायच्या दिवसांत ती पण झडतात, म्हणून फक्त त्यावर जाऊ नका, आवाज ऐका. मोठ्याने क्वॅक-क्वॅक करून गल्ली डोक्यावर घेते ती मादी. नर घसा बसल्यासारखा हळू, खरखरीत बोलतो, त्याच्या श्वासनलिकेत खाली एक पोकळ फुगा असतो, त्यामुळे. मस्कोव्हीत शेपटीचं लक्षण चालत नाही, तिथे नर मादीपेक्षा चांगलाच मोठा आणि तोंडावर लाल गाठी जास्त.

अंड्यावर आहे का हे ठरवायचं तर सोपं, गेल्या दहा दिवसांत हिने अंडं दिलं का. पाच-सहा माद्या एकत्र असतील तर कोणाचं अंडं कोणाचं ते कळत नाही, मग हिला दोन-तीन रात्री वेगळं ठेवा. बदकं बहुतेक पहाटेच घालतात, सकाळी उठून बघितलं की झालं. खाकी कॅम्पबेल पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येते आणि चांगली असेल तर वर्षाला २८०-३०० पर्यंत देते, म्हणजे तिचं रक्त वर्षातले बरेचसे दिवस ‘ॲबनॉर्मल’च असणार. पहिलं अंडं पडायच्या आधीपासूनच आकडे चढायला लागतात हे पण लक्षात ठेवा, म्हणजे ‘अजून अंडं देत नाही’ असं म्हणून पाच महिन्यांच्या मादीला यातून वगळू नका.

तीच मादी पिसं झडायला बसली, अंडी थांबली, की सगळं खाली येतं. तीन महिन्यांनी रिपोर्ट ‘सुधारला’ असं वाटतं आणि मधल्या काळात जे कुठलं टॉनिक चालू असेल त्याला श्रेय मिळतं. टॉनिक विकणाऱ्यांचं यावर बरं चाललंय.

नराचं एक वेगळेपण उलट बाजूने. मोठ्या नराच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मादीपेक्षा थोडं जास्त असतं, आणि अंड्यावरच्या मादीत ते अजून जरा उतरतं. मादीचं हिमोग्लोबिन नरापेक्षा थोडं कमी आलं म्हणून लोहाची इंजेक्शनं मारू नका.

३. वय किती (फुकट, पण खरं सांगायला लागतं)

पिल्लू म्हणजे छोटं बदक नाही, रक्ताच्या हिशोबात तो वेगळाच प्राणी समजा.

एएलपी हे हाड बांधणाऱ्या पेशींमधून येतं. पेकिनचं पिल्लू सहा-सात आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचं होतं, म्हणजे आत हाडाचं बांधकाम रात्रंदिवस चालू आहे, मग एएलपी वर असणारच. माणसात एएलपी वर म्हटलं की लोक यकृताकडे बोट दाखवतात आणि लिव्हर टॉनिक येतं. पिल्लाला त्याची काहीएक गरज नसते. वाढ थांबली की एएलपी आपोआप खाली येतं. अंड्यावरच्या मादीत ते पुन्हा थोडं वर दिसू शकतं, ते हाडातल्या साठ्याच्या उलाढालीमुळे.

प्रोटीन पिल्लात कमी असतं आणि वयाबरोबर चढतं. आणि रक्तातल्या कॅल्शियमचा एक भाग अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतो, अल्ब्युमिन कमी तर टोटल कॅल्शियम पण जरा कमीच दिसतं. आता हा आकडा बघून लोक काय करतात तर पिल्लांना कॅल्शियमचं औषध, नाहीतर सरळ लेयर फीड, म्हणजे अंड्यावरच्या पक्ष्यांचं खाद्य. लेयर फीडमध्ये साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर बसतं, युरिक ॲसिड बाहेर पडत नाही आणि आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर चढतो, त्याला गाउट म्हणतात. मेलेलं पिल्लू उघडलं की हृदयावर चुना फासल्यासारखं दिसतं. एकदा बघितलं की विसरत नाही.

बघा म्हणजे, वर सांगितलेल्या मादीचं कॅल्शियम बंद करून नुकसान, आणि इथे पिल्लाला कॅल्शियम चालू करून नुकसान. दोन्ही ठिकाणी रिपोर्ट बरोबरच होता.

पिल्लं पाय फेंगडे करून चालत असतील तर कॅल्शियमआधी नियासिन (बी३ जीवनसत्त्व) बघा. बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नियासिन बरंच जास्त लागतं, किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि आपण त्यांना सरळ कोंबडीचं चिक स्टार्टर घालतो. हे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दिसत नाही.

अगदी पहिल्या आठवड्यातल्या पिल्लांचं रक्त काढूच नका असं माझं मत. पोटात बलक शिल्लक असतो, त्यावर ते जगत असतं, चरबीचे आकडे त्यामुळे भलतेच येतात, आणि रक्त काढायला जागा कुठे आहे हो त्यांच्यात.

वय आठवत नसेल तर चिठ्ठीवर ‘अंदाजे’ लिहा, पण ‘१ वर्ष’ असं ठोकून देऊ नका. अंड्यातून निघाल्याची तारीख खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवायची सवय लावा, भावाने लावली तेव्हापासून माझे निम्मे फोन कमी झाले.

४. रक्त काढायच्या आधी काय झालं (फुकट, फक्त प्रामाणिकपणा)

पकडायला किती वेळ पळवलं? शेततळ्याभोवती चार पोरं अर्धा तास बदकामागे धावली असतील तर सीके आणि एएसटी ही एन्झाइमं वर जाणार, कारण दोन्ही स्नायूतून सुटतात. आदल्या दिवशी मांसात इंजेक्शन दिलं असेल तरी तेच. एएसटी यकृतातून पण येतं, म्हणून एकट्या एएसटीवरून यकृत खराब म्हणू नये, सीके शेजारी ठेवून वाचायचं. दोन्ही वर असतील तर आधी स्नायूचा संशय. एएसटी वर आणि सीके जागच्या जागी, तर मग यकृताकडे बघायचं.

घाबरलेल्या पक्ष्याची साखर पण चढते. पोटभर खाऊन आलेल्याचं युरिक ॲसिड आणि चरबी चढते. म्हणून संध्याकाळी मऊ अंधारात पकडा, टोपलीत झाका, तीन-चार तास दाणे बंद ठेवा, पाणी चालू ठेवा, मग डॉक्टरांना बोलवा. रात्रभर उपाशी ठेवू नका, गरज नाही.

५. ट्यूब कोणती आणि वाटेत काय झालं (चहा-वड्याच्या पैशात)

जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं. ते कॅल्शियमला पकडून बसतं, म्हणूनच तर रक्त गोठत नाही. आणि ते पोटॅशियमचं क्षार असतं. मग त्या रक्तावर केमिस्ट्री लावली तर कॅल्शियम जवळपास गायब, पोटॅशियम आभाळाला, एएलपी पण पडलेलं. हे तिन्ही एकत्र दिसलं की बदकाकडे बघायचंच नाही, ट्यूबकडे बघायचं. कधी कधी ट्यूब बरोबर असते पण काढणाऱ्याने आधी जांभळी भरली आणि उरलेलं त्यातून दुसरीत ओतलं, तेवढ्याने पण होतं.

केमिस्ट्रीसाठी हिरव्या झाकणाची, लिथियम हेपरिनची मागा. पक्ष्याचं रक्त कमी मिळतं, एक मिलीतून अर्धा मिली प्लाझ्मा हाती लागतो, साध्या ट्यूबमध्ये गुठळी होऊन अजून कमी निघतं. पेशी बघायच्या असतील तर काचपट्टीवर ताज्या रक्ताचा थेंब तिथेच ओढून घ्या.

दुसरं, सँपल लालसर झालंय का. पेशी फुटल्या की आतलं पोटॅशियम, फॉस्फरस, एएसटी बाहेर येतं. बारीक सुईने जोरात ओढलं, ट्यूब झिंजाडली, की फुटतात. आणि मे महिन्यात निफाडहून एसटीने, ड्रायव्हरच्या शेजारच्या खिडकीत ठेवून आलेलं सँपल, ते पण न फिरवलेलं, म्हणजे सेंट्रीफ्यूज मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा न केलेलं, त्यावर मी काय आकडा देऊ? प्लाझ्मा लवकर वेगळा करून थंडीत पाठवा. बर्फ थेट ट्यूबला लावू नका, मधे कापड घाला. सेंट्रीफ्यूज गावात नसेल तर बदकच टोपलीत घालून डॉक्टरांकडे न्या, सँपलपेक्षा ते जास्त टिकतं.

किती रक्त काढायचं हे डॉक्टर ठरवतील, पण आपल्यालाही अंदाज हवा. निरोगी पक्ष्यात वजनाच्या एक टक्का ही वरची मर्यादा, म्हणजे एक किलोला १० मिली, आणि आजारी असेल तर त्याच्या निम्म्याच्या आत. नेहमीच्या तपासणीला दोन-तीन मिली पुष्कळ.

६. मागवलेल्या टेस्ट बदकाच्या कामाच्या आहेत का

माणसांच्या पॅकेजमध्ये युरिया, क्रिएटिनिन, बिलिरुबिन, एसजीपीटी असतं, आणि त्यावर पैसे जातात. पक्षी नायट्रोजन युरिक ॲसिडच्या रूपाने टाकतात, शिटेतला तो पांढरा भाग तोच, त्यामुळे मूत्रपिंडासाठी युरिक ॲसिड बघायचं. बिलिरुबिनही जवळपास बनत नाही, त्यांचं पित्त हिरव्या बिलिव्हर्डिनवर थांबतं, म्हणून ‘कावीळ नाही’ असा रिपोर्ट बदकाला काहीच सांगत नाही. यकृताला बाइल ॲसिड चांगलं, ते मात्र बाहेर पाठवायला लागतं. अल्ब्युमिनही माणसांच्या पद्धतीने पक्ष्यात नीट येत नाही, जवळपासचा आकडा समजा.

पांढऱ्या पेशींच्या आकड्याचं तर विचारूच नका. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असतं, आपलं पेशी मोजणारं सीबीसी मशीन त्यांना पांढऱ्या समजून मोजतं आणि लाखांत आकडा देतं. "ताई, याला ब्लड कॅन्सर आहे का?" असा फोन मला आलेला आहे. पेशी हाताने मोजायच्या, या मशीनवर जायचं नाही.

७. साक्षीदार बदक (दुप्पट खर्च, पण माझा आवडता उपाय)

एवढं करूनही शंका उरली तर त्याच खुराड्यातलं, त्याच वयाचं, त्याच लिंगाचं, आणि मादी असेल तर तीही अंड्यावर असलेलं, पण ठणठणीत असं दुसरं बदक घ्या. दोघांचं रक्त एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच प्रकारच्या ट्यूबमध्ये, एकाच लॅबला. छापील रेंज विसरा, दोन कागद शेजारी ठेवा. दोघींचं कॅल्शियम २४, मग ती अंड्याची गोष्ट. आजारीचं युरिक ॲसिड २० आणि साक्षीदाराचं ६, मग हा खरा फरक.

भावाने हे करायला खळखळ केली, निरोगी बदकाचे कशाला पैसे म्हणून. पण पहिल्याच वेळी त्यानेच पकडलं, आजारी मादीचं एएसटी साक्षीदाराच्या कितीतरी पट आणि सीके दोघींचं सारखं. मक्याचं पोतं पावसात भिजलेलं होतं, तळाला हिरवी बुरशी. अफलाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक असतं की खाण्यातलं हे विष तपासायला पूर्वी बदकाची पिल्लंच वापरायचे. बुरशीचा मका किंवा शेंगदाणा पेंड कोंबडीला चालेल असं म्हणून बदकाला घालू नका, खरं तर कोणालाच घालू नका.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

खालचं काही असेल तर वरची यादी बाजूला ठेवा, रिपोर्टची वाट पण बघू नका.

मान लुळी पडली, पंख ओढतंय, डोळे मिटतंय. उन्हाळ्यात तळं आटून काठावर मेलेलं काही कुजत असेल तर बॉट्युलिझम (कुजक्यातल्या जंतूंच्या विषाने येणारा लकवा) असू शकतो आणि त्यात रक्ताचा रिपोर्ट चक्क साफ येतो. चांगला रिपोर्ट बघून घरी बसू नका.

द्राक्षबागेत फवारणी झाली आणि त्यानंतर बदक लाळ गाळतंय, थरथरतंय, धापा टाकतंय. कोणतं औषध मारलं त्याची बाटली बरोबर न्या. डॉक्टर कोलिनेस्टरेझ (फवारणीच्या विषबाधेची रक्ततपासणी) बघतील. घरी अंदाजाने काही पाजू नका, मोरचुदाचं पाणी प्यायलं असेल तरी तेच.

मादी शेपटी हलवत जोर करतेय, पोट कडक, अंडं येत नाही. हात घालून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर संपलं.

नराचं किंवा अंड्यावर नसलेल्या मादीचं कॅल्शियम परत काढूनही वर. युरिक ॲसिड उपाशीपोटी, चांगल्या सँपलवर, १५ च्या पुढे. साखर १५० च्या खाली. हे आकडे आपल्या हातातले नाहीत. बॅटरीचं भंगार, छर्रे, जुना रंग याच्या जवळ बदकं चरत असतील तर शिसं सांगून ठेवा, त्याची टेस्ट वेगळी सांगावी लागते, नेहमीच्या पॅकेजमध्ये नसते.

आणि एकदम दोन-चार मेली, तोंड-डोळे सुजले, तर रक्त काढायचंच नाही, मेलेल्याला हात लावायचा नाही, उघडायचं तर अजिबात नाही. सरळ पशुसंवर्धन विभागाला कळवा, १९६२ वर फोन लागतो. आमच्या इकडे नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य जवळ आहे, हिवाळ्यात रानबदकं येतात आणि ती आजारी न दिसताही बर्ड फ्लू आणू शकतात, आणि तळं तर सगळ्यांना उघडंच. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय झालं ते कोंबडीवाल्यांना विचारा.

बाकी नेहमीच्या सँपलसाठी, ट्यूबबरोबर एवढी चिठ्ठी द्या, आमच्या भावाची जशीच्या तशी देते: ‘खाकी मादी, १४ महिने, रोज अंडं, शेवटचं आज पहाटे. दाणे ३ तास बंद. पकडायला ५ मिनिटं. इंजेक्शन नाही. रक्त डाव्या पंखातून, हिरवी ट्यूब, ८ वाजता काढलं, साडेआठला फिरवलं. साक्षीदार पण पाठवलीय, तिच्या पायात निळा दोरा.’